दोनशे अठरा अक्षरं

३ मार्च, सोमवार

प्रिय बारके,

हे पत्र कामाचं आहे. बाकी जे काही आहे ते आहे तिथे राहू दे, मी त्याला हात लावत नाही. तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता वायरवाल्याकडून लिहून घेतलाय. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं अक्षर छापल्यासारखं, आणि पत्ता माझ्या अक्षरात?" मी म्हटलं, हात दुखतोय. हात दुखत नाही.

वायरवाला म्हणजे हल्ली आपल्या कार्यशाळेतले संगणक बघतो तो. तू गेल्यावर दोन वर्षांनी आला. पन्नाशीचा आहे, कानावर पेन्सिल असते, आणि त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट बंद करून परत चालू केली की सुधारते. बाकी सगळे तेच. मास्तर अजून स्वतः साचे घासतात. स्वतःचे गुडघे धरून जिना चढतात आणि वर जाऊन दुसऱ्यांना पाय करून देतात. प्लास्टरकाका तसेच पांढरे, शिवणवाली तशीच तोंडाळ.

कोपऱ्यातल्या खोलीतला जुना संगणक एकतीस मार्चला जाणार. ज्यावर तू तुझे फोल्डर रचलेस, तोच. नवा येऊन बसलाय. सगळ्या नोंदी जुन्यावरून नव्यावर न्यायच्या, एवढंच काम होतं. वायरवाला म्हणाला, अर्धा तास. आज सातवा दिवस आहे. तीनशे बारा फायली जातच नाहीत. प्रत्येक वेळी तीच पाटी येते: नाव फार लांब आहे. खाली तीन बटणं. पुन्हा प्रयत्न करा, वगळा, रद्द करा.

"वगळा दाबा मॅडम, संपवून टाकू."

"तीनशे बारा पाय वगळू?"

त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली.

तुला सांगायला नको, एकेका फाईलमध्ये एकेक माणूस आहे. उरलेल्या पायाचा घेर दर दोन बोटांवर किती, कुठे हाड वर येतं, कुठे दाब सोसत नाही. मूळ माप हाताशी असलं तर मास्तर दुरुस्ती करतात. नसलं तर त्या माणसाला परत यायचं, परत उघडं बसायचं, परत ओल्या पट्ट्यांत गुंडाळून घ्यायचं. यातले काही दिवसभराचा प्रवास करून येतात.

फोल्डर तुझे आहेत. आत काय कुठे आहे ते तुला ठाऊक. तेव्हा ही नावं कशी सोडवायची तेवढं कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझी,
ताई


८ मार्च, शनिवार

प्रिय बारके,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी पुरे म्हटलं तर तू खरंच दोन ओळी लिहिल्यास. "फायलीचं नाव एकटं मोजू नकोस. फोल्डरची नावं धरून मोज. एक्सेलला सगळं मिळून २१८." वर मायना नाही, खाली सही नाही. आपल्या शाळेतल्या सिस्टरांनी असं कार्ड वर्गात वाचून दाखवलं असतं आणि विचारलं असतं, मुलींनो, हे पत्र आहे की तार?

तरीही मोजलं. आज दुपारी तेच केलं. आपल्या गाण्याच्या बाई आठवतात ना, शाळेत शिकवतात त्या, त्यांची फाईल घेतली. नाव आहे: "उजवा पाय गुडघ्याखाली शाळेतल्या गाण्याच्या बाई उभं राहून शिकवतात म्हणून टाचेला जाड रबर संध्याकाळी सूज". मी बोटांवर मोजलं तर सेहेचाळीस अक्षरं. वायरवाल्याने यंत्राकडून मोजून घेतलं तर शंभर. मी म्हटलं, तुझं यंत्र शुद्धीवर आहे का? तर म्हणे काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि शब्दांमधली रिकामी जागासुद्धा एक अक्षर. "संध्याकाळी" मी चार धरली, यंत्र दहा धरतं. सहा वर्षांच्या मुलीला बाराखडी शिकवायची आणि मग सांगायचं की प्रत्येक वेलांटीचं वेगळं भाडं लागेल, असला प्रकार.

मग तुझे फोल्डर मोजले. कार्यशाळेच्या नोंदी, त्यात मापं आणि साचे, त्यात शरीराचा खालचा भाग, त्यात गुडघ्याखालचे, त्यात उजवी बाजू, त्यात नियमित येणारे, त्यात दुरुस्ती आणि फेरमाप, त्यात वर्षवार. आठ खणांत खण. दारापासून फायलीपर्यंत पोचायलाच एकशे वीस अक्षरं. त्यात माझी शंभर, वर .xlsx या शेपटीची पाच. झाले दोनशे पंचवीस. एक्सेल दोनशे अठराला दार लावून घेतं. कॉपी करताना थोडी जास्त सूट आहे म्हणे, पण नव्या संगणकावर वरती आणखी दोन फोल्डर घातलेत, त्यामुळे तीही संपते.

मी लांब नावं देते हे कबूल. सिस्टरांनी आपल्याला सवयच तशी लावली होती. वहीच्या पाठीवर नुसतं "इतिहास" लिहिलं की वही परत. वही कुणाची, कशाची, कुठवर आली, कुठे अडली, हे न उघडता कळलं पाहिजे. तू त्या वहीला कव्हर घालायचीस, कव्हरवर कव्हर घालायचीस, आणि खणात खण करून ठेवायचीस. माझ्या वहीला लांब पाठ. एकाच बाकावर बसून दोघी दोन गोष्टी शिकलो.

तुझे फोल्डर एकटे ठीक होते. माझी नावं एकटी ठीक होती. हे मी लिहिलंय, वाच आणि पुढे जा, त्यावर काही म्हणू नकोस.

सोमवारी वरच्या फोल्डरांची नावं कापते. "क", "म", "श" असं एकेक अक्षर. बघू.

ताई


११ मार्च, मंगळवार

बारके,

घोटाळा झालाय.

काल वरच्या तीन फोल्डरांची नावं एकेका अक्षराची केली. गाण्याच्या बाईंची फाईल उघडली. मी वायरवाल्याला चहा पाजला. त्याने तिसरं बिस्कीट घेतलं तेवढ्यात वरून मास्तरांची हाक आली. खाली येणं त्यांना जमत नाही, म्हणून ते जिन्यातूनच बोलतात आणि सगळी कार्यशाळा ऐकते.

"रजिस्टरमधली एकही लिंक चालत नाहीये. कुणी काय केलं?"

मोठं रजिस्टर तुला आठवतं. तूच केलेलं. नावावर बोट ठेवलं की फाईल उघडायची. त्या तीनशे बारांपैकी एखादी उघडली नाही की इतकी वर्षं आम्ही तीही गेली समजून नवं माप घ्यायचो, पण उरलेल्या आठशे फायली त्यातून बरोबर उघडत होत्या. मी दाराचं नाव बदललं आणि रजिस्टर जुन्या दाराशी जाऊन ठोठावत बसलं. म्हणजे तीनशे बारा मोकळ्या करायला गेले आणि आठशे कोंडल्या.

वरती एक गृहस्थ आपला पाय सॉकेटच्या वाटीतून काढून बसलेले. मास्तरांना त्यांचं माप हवं होतं. मी एकेक फोल्डर उघडत धावत माप शोधलं, कागदावर उतरवलं, वर नेलं. मास्तर कागद घेऊन कामाला लागले. शिवणवाली बोलली. पट्ट्याला टाका घालता घालता, मान वर न करता: "बारकी असती तर असं झालं नसतं. आणि बारकी होती तेव्हा तर काय विचारायलाच नको."

मी ऐकून घेतलं. आधी अशा वेळी मी मान डोलवायचे.

वायरवाला म्हणतो रजिस्टरमधल्या लिंका एकेक करून नव्याने घालाव्या लागतील. अकराशे. मी एकोणसाठ वर्षांची आहे, माझा चष्मा दर दहा मिनिटांनी नाकावरून उतरतो, आणि वीस दिवस उरलेत. मला कंटाळा आलाय बारके. एकेका पाटीवर "ठीक आहे" दाबायचं. काही ठीक नसतं आणि दुसरं बटणच नसतं.

जलद टपालाने पाठवते आहे. आधी तुला विचारायला हवं होतं असं लिहिणार असशील तर लिही, फक्त त्याखाली उपायही लिही.

ताई


१७ मार्च, सोमवार

प्रिय बारके,

"आधी विचारायचं होतंस. फोल्डरांची नावं होती तशी परत कर, लिंका आपोआप चालतील. मग सगळ्यात आतल्या फोल्डरला ड्राइव्हचं एक अक्षर देऊन घे, वायरवाल्यांना सांग, त्यांना येईल. त्या अक्षरातून आत शिरलीस की वाट तीन अक्षरांची. फाईल उघड, छोट्या नावाने ठेव, मगच कॉपी कर."

या वेळी पाच ओळी. वायरवाल्याने वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्या बाई कोण? ह्यांना माझ्या जागी ठेवा आणि मला सुट्टी द्या." मी म्हटलं, बहीण आहे. तो म्हणाला, "मग इतके दिवस आपण दोघं का झक मारत होतो?" तोंड असं आहे त्याचं.

चाललं. झेड नावाचा खण केला आणि मागच्या दाराने आत गेलो. फाईल उघडते, मी नाव कापते, ठेवते, रजिस्टरमध्ये त्या एकीची लिंक बदलते. दिवसाला पन्नास होतात. मान धरते, पण होतात.

नाव कापणं जिवावर येतं. "डावा पाय मांडीतून बेकरीवाला भट्टीजवळ उभा असतो प्लास्टिक नको चामडं बरं". याचं काय ठेवू? "डावा मांडी बेकरी". बाकीचं मी फाईलच्या आत पहिल्या रकान्यात लिहिते आहे, जिथे ते पहिल्यापासून असायला हवं होतं. हे मला कुणी कधी सांगितलं नाही. तू सांगितलं होतंस. एकदा नव्हे, चार वेळा. मी म्हणायचे, तुझं आपलं सगळं आत, वरून बघणाऱ्याला काय कळणार?

आपलं घर आहे तसंच आहे. तुझ्या खोलीतलं टेबल मी खिडकीपाशी सरकवलंय, त्यावर इस्त्री करते. दार उघडंच असतं. हे उगीच लिहिलं.

कार्डाच्या कडेला तू आडवं लिहिलंयस, "मास्तरांना माझा नमस्कार सांगू नकोस." मी सांगितला नाही. त्यांनी मात्र कार्ड बघितलं, दुरून अक्षर ओळखलं, आणि विचारलं, "बरी आहे ना ती?" मी हो म्हटलं. त्यांच्यावर इतका राग कशाचा, हे मी तुला विचारत नाही. विचारायला हवं खरं तर. आज नाही.

एकशे ऐंशी झाल्या. एकशे बत्तीस उरल्या. डाव्या बाजूच्या फोल्डरमधली एक फाईल मी दोनदा ओलांडून पुढे गेले. कुठली ते तुला कळेल.

ताई


२१ मार्च, शुक्रवार

बारके,

बाकी सगळ्या झाल्या. ती एक उरली होती. मुद्दाम उरवली होती.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, बाकीचं आहे तिथे राहू दे. ते काय आहे हे आपण दोघी सहा वर्षांत एकदाही शब्दात बोललेलो नाही, म्हणून एकदा लिहिते. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी तू सगळ्या फायली नव्या फोल्डरांत हलवल्यास. सोमवारी घड्याळजी आले. बसने दिवसभर प्रवास करून, चिरलेलं सॉकेट पिशवीत घालून. मी त्यांची फाईल उघडायला गेले तर एक्सेल म्हणालं, फाईल सापडत नाही, ती हलवली, तिचं नाव बदललं किंवा ती पुसली गेली असेल. तिन्हींपैकी काहीही असो, हात लावणारी तू एकटी होतीस. तू म्हणालीस, "ताई, फाईल आहे. यादीत दिसतेय. उघडत नाही इतकंच. मला दोन दिवस दे." मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "नुसतं नाव उरलंय, आतलं तू पुसलंस. हिला संगणकातलं कळतं म्हणून हिला कुणी काही विचारत नाही, मी विचारते."

घड्याळजींच्या पायाला तेव्हा जखम होती. त्या जखमेवरून प्लास्टर घ्यावं लागलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली होती, तिथला रंग त्यांच्या नखाने निघाला. ते बघून मला इतका संताप आला की तू समोर होतीस हे मला पुरलं.

आज सकाळी अकरा वाजता मी ती फाईल उघडली. "डावा पाय गुडघ्याखाली घड्याळजी सकाळचं माप संध्याकाळी सूज येते जुना साचा वापरू नये सॉकेट हलकं हवं जास्त चालतात पण सांगत नाहीत". एकशे तेवीस अक्षरं, शेपटी सोडून. त्या तीनशे बारांमध्ये सगळ्यांत लांब नावांपैकी एक. मी दिलेलं.

आत सगळं होतं. एक रकाना रिकामा नाही. शेवटचा बदल त्या शनिवारच्याही आधीचा, माझ्याच हातचा. तू काहीच पुसलं नव्हतंस. तू म्हणालीस तसंच होतं, शब्दाला शब्द. फाईल होती, उघडत नव्हती इतकंच.

खरं तर हे मला आठ तारखेलाच कळलं होतं, तुझ्या दोन ओळींवरून. मोजता मोजताच कळलं. तेरा दिवस मी ते मोजण्याच्या आणि कापण्याच्या आड ठेवलं. तुला पत्रं लिहीत राहिले, मानेचं दुखणं सांगितलं, टेबलावर इस्त्री करते म्हणून सांगितलं.

आज पुढे लिहवत नाही.

ताई


२५ मार्च, मंगळवार

बारके,

तुझं कार्ड आलेलं नाही. मी वाट न बघता लिहिते आहे.

आज दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. तेव्हाही दुपारच होती आणि हीच माणसं होती. मी उभी राहिले. प्लास्टरकाका म्हणाले, "रिटायर होताय की काय?"

मी सांगितलं. मर्यादा, अक्षरं, तुझे फोल्डर, माझी नावं. निम्मं त्यांना कळलं नाही. मग सरळ सांगितलं, घड्याळजींची फाईल बारकीने पुसली नव्हती, ती शुक्रवारी उघडली, आत सगळं आहे, आणि ती उघडत नव्हती त्यात माझा हात तिच्याइतकाच होता.

मग शिवणवाली म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं आम्ही त्या पोरीच्या नावाने खडे फोडले ते फुकट?"

प्लास्टरकाका म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात? तुम्ही म्हणालात, हिला काढा आणि जुन्या वह्या आणा."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. जेवा गप."

वायरवाला तेव्हा नव्हताच, त्याला यातलं काही ठाऊक नाही, तो म्हणाला, "पण मॅडम, तुम्हाला कळायचं कसं? पाटीच खोटी येते. सापडत नाही म्हणते आणि समोर तर असते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मी म्हटलं, पाटी खोटी होती. बहीण खरं सांगत होती. मी पाटीवर विश्वास ठेवला.

मास्तरांनी डबा बाजूला सारला होता. त्यांना जिन्यावरून धरून आणलं होतं, मीच आणलं होतं, त्यांच्यासमोर बोलायचं म्हणून.

"फाईल होती?"

"होती."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तिने दोन दिवस मागितले होते."

"हो."

"मी नाही म्हटलं का तिला?"

"नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नाही म्हटलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कार्यशाळेच्या कागदावर लिहून दे. मी सही करतो." मी तिथेच लिहिलं. फाईल कधीही पुसली गेली नव्हती, नोंदी उत्तम ठेवल्या होत्या, रजिस्टर अजून तिचंच वापरतो. तुझं पूर्ण नाव घातलंय, आडनावासकट. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "तेव्हा कुणी मला विचारलं असतं तर मी असंच लिहून दिलं असतं. कुणी विचारलंच नाही."

तो कागद या पत्रासोबत आहे.

आणि मास्तरांच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर मी डबा न खाता बंद केला, ते का, हे पुढच्या पत्रात. लगेच लिहीन. आज हातात जोर नाही, आणि या वेळी खरंच नाही.

ताई


२७ मार्च, गुरुवार

प्रिय बारके,

मास्तरांना विचारलं होतं. म्हणजे त्यांना विचारायला फोन आला होता.

तू गेल्यावर महिन्याने. ते मोठं हॉस्पिटल, त्यांचा नोंदींचा विभाग, जिथे तुझी मुलाखत झाली होती. तुझं काम जवळजवळ ठरलं होतं, हे तू शेजारच्या काकूंना सांगितलं होतंस आणि त्यांनी मला. फोन माझ्या टेबलावर असतो. तिकडून एक बाई बोलत होत्या, आवाज चांगला होता, घाईचा नव्हता. म्हणाल्या, "तुमच्याकडे काम करत होत्या त्यांच्याबद्दल विचारायचं होतं. नोंदी त्यांच्या हातात निर्धास्त देता येतील का? काही गहाळ झाल्याचं कानावर आलंय."

मास्तर वर होते. हाक मारली असती तर आले असते, किंवा मी फोन वर जोडून दिला असता. बटण होतं.

मी म्हटलं, "मी तिची बहीण आहे. मला विचारू नका."

एवढंच. त्या म्हणाल्या, "अच्छा. कळलं," आणि फोन ठेवला.

मी स्वतःला सांगितलं, बहिणीने बहिणीची शिफारस करू नये, हे सरळ वागणं झालं. सिस्टरांनी शाबासकी दिली असती. पण वाक्य तोंडातून निघतानाच मला ठाऊक होतं की ते कसं ऐकू जाणार. "फाईल हिने पुसली" म्हणाले असते तर त्या बाईंनी निदान पुढे काही विचारलं असतं. "मला विचारू नका" म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. मला तसंच हवं होतं. तू परत घरी यावंस असंही वाटत होतं, तुला कुठे काम मिळालं नाही तर येशील असंही वाटलं असेल. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आधी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात आणलं नव्हतं.

तू समजलीस की मास्तरांनी नकार दिला. सहा वर्षं त्यांच्यावर राग धरलास आणि त्यांना ठाऊकही नाही की कशाचा. त्या रागाचा पत्ता चुकला आहे. तो इथे हवा.

मास्तरांना उद्या सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं.

तू आत्ता दुकानांची बिलं बनवण्याचं काम करतेस असं काकू म्हणाल्या. तुझ्यासारखीने, जिने आठशे फायली अशा लावल्या की सहा वर्षांत कुणाला एक खण हलवावा लागला नाही. मास्तरांचा कागद घेऊन तू त्या हॉस्पिटलात परत जावंस की नाही, हे मी सुचवणार नाही. त्या बाई आता तिथे असतील की नाही ठाऊक नाही. मी फोन करून त्यांना खरं सांगायला तयार आहे, तू हो म्हटलंस तर. तुला न विचारता नाही. न विचारता काय होतं ते बघून झालंय.

सगळ्या तीनशे बारा फायली नव्या संगणकावर गेल्या. काल मी आणि वायरवाल्याने एकेक उघडून बघितली. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं, शाबासकीसाठी नाही. काम तुझं होतं, मी फक्त बटणं दाबली.

खाली काळं केलेलं दिसतंय ती ओळ मी खोडली आहे. लिहिलं होतं, "तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन." परत वाचलं तेव्हा तीही एक पाटीच वाटली. मी समजून घेणार नाही. मला राग येईल, मी रोज टपालवाल्याला थांबवून विचारीन आणि त्याला वैताग आणीन. तेव्हा शिव्या लिही, दोन ओळी लिही, मायना घालू नकोस, सही करू नकोस. पण उत्तर पाठव.

ताई